‘सध्या काय करतो?’ : स्पर्धा परीक्षेहून गावी परतलेल्या एका तरुणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका कोरडवाहू तालुक्यातील आहे. संबंधित व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून गाव, नातेसंबंध आणि व्यवसाय यांचे काही तपशील बदलले आहेत.

तरुणाचा जन्म 1992 चा. घरी साडेचार एकर जमीन आहे, सोयाबीन आणि तूर ही पिके घेतली जातात, जोडीला तीन गायींचे दूध. वडील सातवीपर्यंत शिकलेले आहेत. धाकटा भाऊ आयटीआय करून पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून लागला आणि बहिणीचे लग्न झाले आहे. विज्ञान शाखेची पदवी घेतल्यानंतर हा तरुण 2015 मध्ये राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा आणि नव्या पेठेतील एका अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने घेतलेली खुर्ची, एवढ्यात त्याचे जग सामावले होते. घरून दर महिन्याला येणारे पैसे बहुतेक दुधाचे असत आणि जे कमी पडत ते विकास सोसायटीच्या कर्जातून किंवा मामांकडून उसने घेऊन भागवले जात.

तो हुशार होता, यात कोणाला शंका नव्हती. पूर्व परीक्षा त्याने अनेकदा पार केली, मुख्य परीक्षेतून एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचला आणि अंतिम यादीत थोड्या गुणांनी राहिला. त्यानंतर करोनाचा काळ आला. 5 एप्रिल 2020 रोजी होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा एकामागून एक पुढे ढकलली गेली. 14 मार्च 2021 ची तारीखही तीन दिवस आधी रद्द झाली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अखेर ती परीक्षा 21 मार्च 2021 रोजी पार पडली. बाहेरून पाहणाऱ्याला हा वर्षभराचा उशीर वाटतो. ज्याचे वय अठ्ठाविसावरून एकोणतिसाकडे चालले आहे आणि ज्याचा डबा बापाच्या दुधावर चालतो, त्याच्यासाठी ते वर्ष फार मोठे होते. 2023 च्या उन्हाळ्यात, एकतिसाव्या वर्षी, पुस्तकांच्या दोन गोण्या घेऊन तो गावी परतला. परीक्षा सोडली, असे त्याने कोणालाच सांगितले नाही. ‘आता घरूनच अभ्यास करतो,’ एवढेच सांगितले.

समस्या कशी समोर आली

फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची आई त्याला पोटाच्या तक्रारीसाठी ग्रामीण रुग्णालयात घेऊन आली. भूक नव्हती, जळजळ होत असे, रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नसे आणि वजन उतरले होते. याआधी तीन खासगी डॉक्टरांकडे दाखवून झाले होते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नव्हते. येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आईला बाहेर बसवून त्याच्याशी पाच-दहा मिनिटे बोलणे केले आणि त्याला आमच्या समुपदेशन कक्षाकडे पाठवले. पुढचे सारे त्या पाच-दहा मिनिटांमुळे शक्य झाले, म्हणून त्याची नोंद येथे आवर्जून करतो.

नैराश्याची तीव्रता जोखण्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण 0 ते 27 असतात आणि 15 ते 19 गुण म्हणजे मध्यमाहून अधिक तीव्रता मानली जाते. त्याचे गुण 16 आले. आत्महत्येच्या विचाराबद्दल थेट विचारले. ‘मरायचं असं नाही, पण सकाळी जाग येऊच नये असं वाटतं,’ असे तो म्हणाला. घरात फवारणीचे औषध कुठे ठेवता, असे विचारल्यावर ‘माझ्याच खोलीत, पुस्तकांच्या मागं’ हे उत्तर मिळाले.

समस्या नेमकी कोणती होती

‘बेकारीमुळे आलेले नैराश्य’ असे शीर्षक देऊन हे प्रकरण मिटवता आले असते, परंतु ते चुकीचे ठरले असते, कारण हा तरुण दिवसभर काम करत होता. पहाटे पाचला उठून धारा काढणे, दूध केंद्रावर पोहोचवणे, वैरण, पाणी आणि हंगामात फवारणी ही कामे तर होतीच. शिवाय आळीतील निम्म्या घरांची ई-पीक पाहणी, पीक विम्याचे अर्ज आणि पीएम किसानची ई-केवायसी तो आपल्या मोबाईलवरून करून देत असे, तेही एक रुपया न घेता. सरकारच्या श्रमबल पाहणीच्या व्याख्येनुसार घरच्या शेतीत बिनपगारी राबणारी व्यक्ती रोजगार असलेल्यांत मोजली जाते. म्हणजे सरकारी पाहणीत तो कामावर होता आणि गावाच्या लेखी मात्र ‘घरीच असतो’.

पुण्यात त्याला एक रुपयाही मिळत नव्हता, तरी तिथे त्याची अशी अवस्था नव्हती. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातील कापड गिरणी बंद पडल्यानंतर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जो अभ्यास केला, त्याचा येथे उपयोग होतो. हाताशी रिकामा वेळ वाढूनही तेथील लोकांचे वाचनालयातून पुस्तके नेणे घटले होते आणि रस्त्याने चालण्याचा पुरुषांचा वेग मंदावला होता. याहोडाने पुढे असे मांडले की, रोजगार पैशाखेरीज आणखी पाच गोष्टी देतो : दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सामूहिक उद्दिष्टातला सहभाग, समाजात स्थान आणि नियमित कृतिशीलता. पुण्यातील अभ्यासिका या पाचही गोष्टी देत होती. सकाळी सातला उघडणारे दार होते, चहाच्या टपरीवरची मंडळी होती, सगळ्यांचे एकच ध्येय होते, आणि ‘एमपीएससी करतो’ हे उत्तर होते. त्या उत्तराला समाजात मान होता.

मात्र हा मान वयाबरोबर ओसरतो. चोविसाव्या वर्षी ‘तयारी करतो’ असे म्हणणाऱ्याकडे गाव कौतुकाने पाहते; एकतिसाव्या वर्षी त्याच वाक्यावर समोरचा माणूस नजर वळवतो. परीक्षेत अपयश आले त्या वर्षी हा तरुण कोसळला नव्हता. ‘सध्या काय करतो?’ या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे उत्तर उरले नाही, तेव्हा तो कोसळू लागला. तो लग्नकार्यांना जाईनासा झाला. तालुक्याला जायचे तर ओळखीची मंडळी असणारी सकाळची एसटी सोडून दुपारची पकडू लागला. दूध केंद्रावर रांग ओसरल्यावरच कॅन नेऊ लागला, आणि त्यामुळे दूध नासण्याचे प्रकारही दोनदा घडले.

लग्नाचा प्रश्न याच प्रश्नाला जोडलेला होता. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. मोर्चाच्या मागण्या मुलींच्या घटत्या प्रमाणाबद्दल होत्या, परंतु आमच्या भागातील ज्या घरांत स्थळे पाहिली जातात तिथे पहिली चाळणी नोकरीची असते. मुलाला जमीन हवी, पण तो ती कसणारा असू नये, ही अपेक्षा मध्यस्थ आता उघडपणे सांगतात. या तरुणासाठी आलेली दोन स्थळे फोनवरच थांबली होती. थोरल्याचे ठरेना, म्हणून धाकट्याचेही अडले होते.

त्याच्या बहिणीचीही गोष्ट येथे नोंदवायला हवी. तीही पदवीधर आहे, बी.एड. झालेली आहे आणि सासरी शेतात व घरात राबते. ‘तू सध्या काय करतेस?’ असे तिला कोणी विचारत नाही. एकाला प्रश्न विचारून विचारून समाजाने आजारी केले, दुसरीला तो विचारण्याजोगा आहे असे समाजाला वाटलेच नाही; आणि दोन्हींच्या मुळाशी पुरुषाची किंमत पगारावर व बाईची संसारावर ठरवणारा एकच हिशेब आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिल्या काही भेटींत त्याच्यासमोरचे मार्ग कागदावर मांडले. त्यातले बरेचसे इतरांनी त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवले होते.

पुन्हा पुण्याला जाऊन पूर्णवेळ तयारी करणे, हा पर्याय त्याच्या स्वतःच्या मनात होता. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा 38 वर्षे असल्याने नियमाने त्याच्याकडे अजून सहा वर्षे होती. ही मर्यादा वाढवण्यामागचा हेतू चांगला होता, परंतु तिचा एक परिणाम मला या कक्षात वारंवार दिसतो : थांबण्याचा निर्णय बाहेरून कोणी देत नाही, तो स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो घेणे म्हणजे स्वतःच्या तोंडाने हार मान्य करणे असे त्या मुलांना वाटते.

भावाने कंपनीत लावून देण्याची तयारी दाखवली होती. पगार लगेच सुरू झाला असता, परंतु बारा तासांची पाळी, कंत्राटी नेमणूक आणि बरोबरीला एकवीस-बावीस वर्षांची मुले, हे त्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीला झेपेल असे त्याला किंवा आम्हाला वाटले नाही. मामांचा आग्रह लग्नाचा होता : ‘एकदा लग्न झालं की आपोआप मार्गी लागतो.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण त्यात एका अनोळखी मुलीला औषध म्हणून वापरले जाते, हे मी मामांना स्पष्टपणे सांगितले. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज घेऊन दुग्धप्रक्रियेचा लहान उद्योग टाकण्याचाही विचार झाला. त्यात अनुदान मिळते, पण उरलेली बहुतेक रक्कम बँकेचे कर्जच असते आणि घरावर सोसायटीचे ओझे आधीपासून होते. म्हणून तो विचार पुढे ढकलला.

शेवटचा पर्याय त्यातल्या त्यात मधला होता. गावाजवळच काही पगारी काम धरायचे, ज्या दोन जाहिरातींचे अर्ज आधीच भरलेले आहेत तेवढ्या परीक्षा द्यायच्या आणि त्यानंतर नवा अर्ज भरायचा नाही.

प्रत्यक्ष कार्यवाही

सर्वांत आधी फवारणीच्या औषधाचा प्रश्न सोडवला. त्याच्या संमतीने आईला एवढेच सांगितले की, झोप नीट होत नाही अशा माणसाच्या खोलीत विष ठेवू नये. सगळे डबे त्याच दिवशी चुलत्यांच्या गोठ्यातील कुलूपबंद पेटीत गेले. चोवीस तास मोफत चालणाऱ्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक त्याच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये टाकून दिला.

पहिला खरा निर्णयबिंदू औषधोपचाराचा होता. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे जायला तो तयार नव्हता. ‘उद्या निवड झाली आणि मेडिकलला हे निघालं तर?’ अशी त्याची भीती होती. घाई केली असती तर तो पुन्हा आला नसता. उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने रुग्णाला दिला आहे, हे त्याला कलमासह दाखवले. परीक्षेसाठी कायद्याचा अभ्यास केलेल्या मुलाला धीर मिळाला तो या कलमातून. पुढच्या आठवड्यात तो जिल्ह्याला गेला. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगितलेले असल्याने त्याने त्या मध्येच सोडल्या नाहीत.

दुसरा निर्णयबिंदू होता वडिलांचा. ‘अण्णांना काही सांगू नका,’ अशी अट त्याने पहिल्याच भेटीत घातली होती आणि ती आम्ही पाळली. त्याने स्वतः होकार दिल्यावर सुमारे दीड महिन्याने वडील आले. टोपी मांडीवर ठेवून ते बराच वेळ बसून राहिले आणि मग म्हणाले, ‘मी कधी एका शब्दानं बोललोय का त्याला? विचारा की.’ ते खरे होते. घरात त्याला कोणीही बोलले नव्हते. जेवताना परीक्षेचा विषय निघत नसे, पैशाचा निघत नसे, कोणाच्या पोराची निवड झाली तर पेपर बाजूला ठेवला जाई. घरच्यांनी हे सांभाळून घेण्यासाठी केले होते, आणि मुलाने त्या शांततेचा अर्थ असा लावला होता की, आपल्याबद्दल बोलण्यासारखे आता काही उरलेले नाही.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी मुलालाही ठाऊक नव्हती. वडिलांनी पारावर बसणे सोडले होते. आठ वर्षे त्यांनी ‘आमचं पोरगं साहेब होणार’ असे अभिमानाने सांगितले होते, आणि आता विचारणाऱ्यांना टाळत तेही शेतातच थांबत होते. बाप आणि लेक एकाच प्रश्नापासून दोन वेगवेगळ्या वाटांनी पळत होते. हे ऐकल्यावर मुलगा रडला. वडिलांनी त्याला जवळ घेतले नाही, आमच्याकडची ती पद्धत नव्हे. पण परत जाताना दोघे एकाच गाडीवर गेले.

काम शोधताना नवे काही हुडकावे लागले नाही. शेजारच्या गावातील शेतकरी उत्पादक कंपनीला दूध संकलन आणि सोयाबीन खरेदीचे हिशेब ठेवणारा, ऑनलाईन कामे जाणणारा माणूस हवा होता. जे तो आळीत फुकट करत होता, तेच हे काम होते. पगार महिना 9,000 रुपये. वडील नाराज झाले : ‘एवढं शिकून डेअरीवर फॅट लिहीत बसायचं?’ त्यावर मुलानेच उत्तर दिले की, आजही मी डेअरीवर रोज जातोच, फक्त रांग संपल्यावर जातो. मे 2024 मध्ये तो कामाला लागला. सकाळी सहा ते दहा संकलन, दुपारी हिशेब, संध्याकाळी पुन्हा दोन तास; रात्री दोन तास अभ्यास, तोही ठरवलेल्या दोन परीक्षांपुरताच.

जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने, वयाची अट 35 पर्यंत. भावोजींनी आग्रह धरला : हजार रुपये जास्त आहेत आणि वर सरकारी कार्यालय. मोह मोठा होता, कारण ‘सरकारी कार्यालयात आहे’ हे उत्तर गावात फार वजनदार असते. पण सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला असता, आणि त्या वेळी त्याचे मन किती सावरलेले असेल याची खात्री नव्हती. त्याने नकार दिला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत पक्व निर्णय हाच, कारण लोक काय म्हणतील यापेक्षा सातव्या महिन्यात आपला दिवस कसा जाईल याचा विचार त्याने प्रथमच केला.

निष्पत्ती

मे 2024 मध्ये पीएचक्यू-9 चे गुण 11 वर आले आणि ऑगस्टमध्ये 6 वर. झोप सुधारली, पोटाची तक्रार पोटाच्या औषधाविना थांबली. दोन परीक्षांपैकी एकीत पूर्व परीक्षेतच अपयश आले. दुसरीत मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचून यादीत नाव आले नाही. निकालानंतर तो चार दिवस कामावर गेला नाही आणि गुण पुन्हा 9 पर्यंत वाढले. पाचव्या दिवशी कंपनीचे अध्यक्ष स्वतः घरी आले, कारण शेतकऱ्यांच्या दुधाच्या दहा दिवसांच्या पगाराचा हिशेब त्याच्याशिवाय अडला होता. तो त्याच संध्याकाळी गेला. ठरल्याप्रमाणे त्याने नवा अर्ज भरला नाही; पुस्तकांच्या गोण्या गावातील वाचनालयाला दिल्या.

फेब्रुवारी 2025 मधील भेटीत गुण 5 होते, पगार 12,000 झाला होता आणि मनोविकारतज्ज्ञांनी औषध टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सुरुवात केली होती. लग्न ठरलेले नाही. थोरल्याची वाट न पाहता धाकट्याचे करावे, असे त्याने स्वतः घरात सांगितले आणि ते मान्य झाले.

यश किती आणि कोणते, हे येथे तपासून पाहिले पाहिजे. वडील आता पारावर बसतात आणि विचारणाऱ्याला ‘कंपनीत आहे, हिशेब बघतो’ असे सांगतात. ‘कंपनी’ म्हटले की ऐकणाऱ्याला दुसरेच काही वाटते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे माणूस मोजण्याचे गावाचे माप बदललेले नाही. त्या मापात बसेल असे उत्तर या घराला मिळाले आहे. ज्यांना ते मिळत नाही त्यांची स्थिती तशीच राहते, हे विसरून या प्रकरणाला यशोगाथा म्हणता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

थांबण्याची तारीख ठरवण्याची योग्य वेळ 2024 नव्हती, 2015 होती. पुण्याला जाण्यापूर्वी, एकही अपयश पाठीशी नसताना, किती वर्षे आणि किती पैसे हे आई-वडिलांसमोर ठरले असते, तर थांबणे हा करार पूर्ण करणे ठरले असते. आता आमच्या तालुक्यातून तयारीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांशी आम्ही ही चर्चा आधीच करतो. ती सोपी नसते. ‘निघतानाच अशुभ कशाला बोलता’ असे ऐकावे लागते.

तीन डॉक्टरांकडे पोट तपासले गेले आणि एकानेही झोपेबद्दल विचारले नाही. तिशीच्या आसपासचा, अविवाहित, शहरातून परतलेला तरुण भूक आणि झोप गेल्याची तक्रार घेऊन येतो, तेव्हा मनःस्थितीबद्दल दोन प्रश्न विचारणे ग्रामीण भागातील प्रत्येक दवाखान्यात शक्य आहे.

वडिलांना अधिक लवकर बोलावता आले असते का, यावर आमच्या गटात मतभेद आहेत. काहींच्या मते दीड महिना फार होता, कारण घरातील शांतता त्या काळात रोज त्याला पोखरत होती. मला मात्र त्याच्या अटीचा मान राखणे योग्यच वाटते. ज्याच्या आयुष्याबद्दल सगळे परस्पर ठरवत आले, त्याचा एक तरी शब्द कोणीतरी जसाच्या तसा पाळायला हवा होता.

एका व्यक्तीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. धाकटा भाऊ विसाव्या वर्षापासून कंत्राटी पाळ्या करतो, घराचा उसनवार फेडतो, आणि त्याचे लग्न त्याच्या दोषाविना तीन वर्षे थांबले. त्याच्याकडे नोकरी असल्यामुळे तो बरा आहे असे घराने, गावाने आणि आमच्या कक्षानेही गृहीत धरले. फेब्रुवारीच्या भेटीत थोरल्यानेच सांगितले की, भाऊ रात्रपाळीहून आल्यावर झोपत नाही आणि सुट्टीला गावी येणे टाळतो. त्याच्याशी फोनवर बोलणे झाले आहे. पुढच्या सुट्टीत तो एकटा येऊन भेटणार आहे.